खांड पडली की पंधरा दिवसांत बुजवा : खारभूमी विकास विभागास खुले पत्र

प्रति,
मा. खारभूमी विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच रायगड जिल्ह्यातील खारबंदिस्तीची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी यांस

विषय : खारबांधाला पडलेली खांड पुढच्या उधाणापूर्वी बुजवणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

पेण आणि अलिबाग तालुक्यांतील अंबा नदी व धरमतर खाडीच्या काठचा सखल पट्टा खारेपाट म्हणून ओळखला जातो. तेथील एक शेतकरी या नात्याने हे पत्र लिहीत आहे. माझी मुख्य मागणी सुरुवातीलाच मांडतो. खाडीचे पाणी शेतात येऊ न देणाऱ्या खारबांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की ती पुढच्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापूर्वी, म्हणजे जास्तीत जास्त पंधरा दिवसांत, बुजवणे हे आपल्या विभागावर नियमाने बंधनकारक असावे आणि त्यासाठी लागणारा निधी व अधिकार स्थानिक कार्यालयाकडे आधीपासून दिलेला असावा. आज खांड पडते, पाहणी होते, अंदाजपत्रक तयार होऊन वर जाते, प्रशासकीय मान्यतेची वाट पाहिली जाते, निविदा निघते आणि प्रत्यक्ष कामाला हात लागेपर्यंत पुढचा पावसाळा दाराशी आलेला असतो. रस्त्याच्या किंवा इमारतीच्या दुरुस्तीत असा विलंब झाला तर लोकांची गैरसोय होते, पण काम झाल्यावर रस्ता पुन्हा रस्ताच असतो. खारबांधाचे तसे नाही. येथे विलंबाच्या काळात जमिनीचे स्वरूप बदलते, त्यामागोमाग तिची कायद्यातील ओळख बदलते, आणि त्यानंतर कितीही खर्च केला तरी ती जमीन शेतकऱ्याला परत मिळत नाही.

कोकणात सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ उभा आहे की नद्या लांबीने लहान आणि उताराने तीव्र आहेत. मात्र डोंगर उतरून सपाटीवर आल्या की त्या संथ होतात आणि भरतीचे पाणी त्यांच्या पात्रातून बरेच आत शिरते. अंबा नदीत ते नागोठण्याच्या आसपासपर्यंत पोहोचते. मुंबई बंदरात पावसाळ्यातील मोठ्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, आणि धरमतरची खाडी त्याच बंदरात उघडत असल्यामुळे तो सगळा चढ-उतार आमच्या बांधाला दिवसातून दोनदा सोसावा लागतो. खारेपाटातील बहुतेक शेते या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. त्यांना समुद्रापासून वेगळे ठेवणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे चिखलमातीचा बांध. खाडीच्या बाजूचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा, त्याच्या आत शेतांचे लहान बांध, आणि बाहेरकाठ्यात ठिकठिकाणी बसवलेल्या उघाड्या, म्हणजे पाणी सोडण्याची झडपेची दारे. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याचा दाब उघाडीची झडप बाहेर ढकलतो व पाणी खाडीत जाते. भरती चढू लागली की खाडीचे पाणी तीच झडप घट्ट लावून घेते. ना वीज लागते, ना पंप. झडपेत ओंडका अडकला, ती कुजली किंवा तिच्या तोंडाशी गाळ साचला, तर मात्र पावसाचे पाणी आत तुंबते आणि खारे पाणी आत येते, असे दुहेरी नुकसान होते.

खांड कशी पडते हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक आहे. तरीही निर्णय घेणाऱ्यांसाठी ते येथे सविस्तर लिहितो, कारण वेळेचा सगळा प्रश्न त्यातच आहे. सुरुवात बहुधा चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळांतून होते. उन्हाळ्यात बांधाची चिखलमाती वाळून तिला भेगा जातात, बिळे व भेगा एकमेकांना मिळतात, आणि एखाद्या उधाणाच्या भरतीला बांधाच्या आतल्या अंगाला पाणी झिरपताना दिसते. त्या दिवशी चार माणसे, फावडी, पेंढा आणि जवळचाच चिखल एवढ्यावर काम भागते. त्या दिवशी कोणी आले नाही तर पुढच्या भरतीला पाण्याला वाट सापडते. वरवर पाहता भरतीचे आत येणारे पाणी बांध फोडते असे वाटते, पण खरी झीज ओहोटीला होते. शेतात पसरलेले सगळे पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडू पाहते आणि जाताना तळाची माती घेऊन जाते. म्हणून खांड रुंदीने वाढते त्याहून अधिक खोलीने वाढते. काही उधाणांतच तिथे कमरेइतके, मग पुरुषभर खोल पाणी होते आणि पाहता पाहता खाडीचा एक नवा फाटा शेतात शिरलेला असतो. आता पेंढा-चिखल उपयोगाचा नसतो. दगड लागतो, यंत्र लागते, यंत्र नेण्यासाठी वाट लागते, आणि अंदाजपत्रकाचा आकडा अनेक पटींनी वाढलेला असतो. ज्या विलंबाचे समर्थन काटकसरीच्या नावाने केले जाते, तो विलंब शासनालाच महागात पडतो.

शेतकऱ्याचे नुकसान याहून मोठे आहे. खारजमिनीतील भातशेती मुळातच मिठाशी केलेली तडजोड आहे. उन्हाळ्यात जमिनीखालचे खारे पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि पृष्ठभागावर मिठाचा पांढरा थर येतो. जूनचा पाऊस तो थर विरघळवून उघाडीवाटे बाहेर नेतो, आणि मीठ पुरेसे धुतले गेल्यावरच पेरणी करता येते. या चक्राला साजेल अशी बियाणी आमच्या पूर्वजांनी निवडून टिकवली. तांबड्या तांदळाचा राता, त्यातील काळा राता आणि भुरा राता हे प्रकार शेकडो पावसाळ्यांच्या निवडीतून आलेले आहेत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने त्याच्या पुढचे काम केले. तेथून निघालेल्या पनवेल मालिकेतील भाताच्या जाती आज खारेपाटात पेरल्या जातात. परंतु कोणतीही खारप्रतिकारक जात समुद्राच्या पाण्यात उभी राहू शकत नाही. एकदा शेतात खारे पाणी फिरले की त्या हंगामाचे पीक जाते, आणि खांड बुजल्यानंतरही जमीन पेरण्याजोगी होण्यासाठी दोन-तीन पावसाळे जावे लागतात, असा आमच्याकडचा अनुभव आहे. समुद्राचे उधाण राज्य शासनाने नैसर्गिक आपत्तींत धरलेले आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र पंचनामा उभ्या पिकाचा होतो. ज्या शेतात गेल्या वर्षीच्या खांडीमुळे यंदा पेरणीच झाली नाही, त्याच्या मालकाकडे दाखवायला पीक नसते, म्हणून त्याचे नुकसानही कागदावर येत नाही.

खांड उघडी राहिली तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी काय होते, हा या पत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. भरतीबरोबर तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, बीजे आत येतात आणि गाळ साचलेल्या शेतात रुजतात. चार-पाच वर्षांत तेथे माणसाच्या उंचीची कांदळवने उभी राहतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांची तोड थांबवली आणि २०१८ च्या निकालाने ते संरक्षण पक्के केले. जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी कांदळवनाला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे कडक नियम लागू होतात. याचा अर्थ असा, की सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव कायम राहते, पण त्या जमिनीत त्याला नांगर घालता येत नाही, झाड तोडता येत नाही, आणि फुटलेल्या बांधापर्यंत यंत्र नेण्यासाठी तिवरे हलवावी लागली तर उच्च न्यायालयाची परवानगी आणण्याची वेळ येते. कोणी त्याची जमीन संपादित केलेली नसते, त्यामुळे मोबदल्याचा प्रश्नही उपस्थित होत नाही.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. मी कांदळवनांच्या विरोधात नाही, आणि खारेपाटातील कोणताही जाणता शेतकरी तसा नसेल. बाहेरकाठ्याच्या खाडीकडील अंगाला तिवरांचा दाट पट्टा असेल तेथे लाटेचा मार कमी बसतो आणि बांध अधिक टिकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर तर या पट्ट्याचे महत्त्व कोणी वेगळे सांगण्याची गरज उरलेली नाही. कोळंबीची पिल्ले, चिंबोऱ्या, बोय हे सारे तिवरांच्या मुळांशीच वाढतात. न्यायालयाचे आदेश योग्य आहेत आणि ते सैल करावेत अशी माझी मागणी नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की बांधाबाहेरचे कांदळवन निसर्गाचे आहे आणि बांधाच्या आत, पिकत्या शेतात उगवलेले कांदळवन हे बहुतेक ठिकाणी न झालेल्या दुरुस्तीचे फळ आहे. पंधरा दिवसांत खांड बुजवली तर हा संघर्ष निर्माणच होत नाही. तिवरे उगवून आल्यानंतर शेतकऱ्याला आणि वन अधिकाऱ्याला एकमेकांसमोर उभे करणे हे दोघांवरही अन्यायाचे आहे.

बांधाची जबाबदारी शासनाकडे आली त्यामागे इतिहास आहे, तो थोडक्यात सांगणे आवश्यक वाटते. जुन्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात बांध घालून खाडीतून जमीन उठवणाऱ्यास शिलोत्रीदार म्हणत, आणि बांधाच्या देखभालीपोटी त्याला भाताचा ठरावीक हिस्सा मिळे. पुढे खोतीच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ अशी सलग वर्षे शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू उचलून धरली, आणि स्वातंत्र्यानंतर कूळकायद्याने व खोती निर्मूलनाने जमीन कसणाऱ्याची झाली. जमीन कुळाला मिळाली, परंतु मैलोगणती लांबीचा बाहेरकाठा राखण्याइतके बळ अर्ध्या-एक एकराच्या मालकाकडे नव्हते. हे ओळखूनच १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि त्यानंतर १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला. गावकरी तोवर जोळ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक घराने आपल्या जमिनीच्या प्रमाणात श्रम किंवा पैसा देऊन, बांध राखत होते. योजना शासनाकडे गेल्यावर ही पद्धत हळूहळू मोडली, आणि ते स्वाभाविकही होते, कारण ज्या बांधाला हात लावायचा अधिकार आपला नाही तो राखायला कोण पुढे येईल? आज स्थिती अशी आहे की गाव थांबते शासनासाठी आणि शासन थांबते मान्यतेसाठी. खाडी मात्र थांबत नाही.

बांधावरचा भारही पूर्वीपेक्षा वाढला आहे. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, २०१६ अन्वये अंबा नदीचा ४५ किलोमीटरचा भाग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० म्हणून घोषित झाला आहे. खाडीकाठच्या कारखान्यांसाठी खनिज, कोळसा व पक्का माल वाहणारे बार्ज धरमतरच्या खाडीतून ये-जा करतात. जलवाहतुकीमुळे महामार्गावरील अवजड वाहने कमी होतात आणि गावांतील तरुणांना कारखान्यांत रोजगारही मिळतो. त्यामुळे तिला सरसकट विरोध करणे मला पटत नाही. पण भरलेला बार्ज भरतीच्या वेळी अरुंद पात्रातून वेगाने गेला की त्याच्या मागे उठणारी लाट बाहेरकाठ्यावर आपटते, आणि अशा लाटा दिवसभर, वर्षभर बसत राहतात. जलमार्ग ठरवताना पाण्याची खोली मोजली जाते. मग काठावरचा मातीचा बांध किती वेगाची लाट सोसू शकतो हेही मोजले गेले पाहिजे. बार्जच्या वेगाला मर्यादा असावी, ती उधाणाच्या दिवसांत अधिक कडक असावी, आणि जलमार्गाचा वापर करणाऱ्यांकडून बाहेरकाठ्याच्या मजबुतीसाठी नियमित वर्गणी घेतली जावी. आपला विभाग आणि जलवाहतूक पाहणारी यंत्रणा यांनी एकत्र बसून हे ठरवावे, कारण आज तक्रार घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवते.

मच्छीमारांचा विषय या पत्रात येणे अपरिहार्य आहे. खारेपाटात शेतकरी आणि मच्छीमार पुष्कळदा एकाच घरात असतात. गावोगावच्या तळ्यांत पाळला जाणारा जिताडा हे आमच्या भागाचे वैशिष्ट्य आहे. हा मासा खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या ओढीने वर येतात. पूर्वी तीच पिल्ले धरून तळ्यात सोडली जात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त वातावरणात जिताड्याचे प्रजनन यशस्वी केले, त्यामुळे बीज मिळण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध आहे. बांध फुटला की तळी आणि खाडी एक होतात, आणि दोन-तीन वर्षे खाऊ घालून वाढवलेला मासा एका ओहोटीत निघून जातो. भाताच्या पंचनाम्यात या तळ्याला जागा नसते. राज्य शासनाने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आहे. तेव्हा खांडीमुळे गेलेल्या तळ्याचा पंचनामा शेताबरोबरच व्हावा. याचबरोबर आमच्या बाजूची एक गोष्टही झाकून ठेवणे योग्य नाही. काही ठिकाणी कोळंबी आणि मासे आत यावेत म्हणून उघाडीची झडप मुद्दाम अडकवून ठेवली जाते आणि त्यात शेजारच्या शेतांत खारे पाणी शिरते. प्रत्येक उघाडीसाठी गावातीलच एक राखणदार मानधनावर नेमला आणि झडप केव्हा उघडायची याचा निर्णय शेतकरी व मच्छीमार यांच्या एकत्र समितीकडे दिला, तर हा प्रकार आपोआप आटोक्यात येईल.

आता या प्रश्नाला एक नवीन घाई आलेली आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नव्या नगराचे नियोजन प्राधिकरण नेमले गेले. याआधी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ रोजी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेतले गेले होते, हे आपणास स्मरत असेल. जमीन द्यावी की राखावी याबद्दल गावागावांत, घराघरांत मतभेद असू शकतात आणि तो निर्णय ज्याचा त्याने करायचा आहे. परंतु तो निर्णय पिकत्या जमिनीच्या मालकाने करणे आणि सहा वर्षे खाऱ्या पाण्याखाली असलेल्या जमिनीच्या मालकाने करणे यांत फार अंतर आहे. ज्याचे शेत बुडालेले आहे त्याच्याशी सौदा करताना समोरचा जो भाव सांगेल तो ऐकावा लागतो. दुरुस्तीतील विलंबामागे कोणाचा हेतू आहे असा आरोप मी करत नाही. मात्र विलंबाचा फायदा कोणाला होतो हे गावकऱ्यांना दिसते, आणि त्यातून उत्पन्न होणारा अविश्वास दूर करणे विभागाच्याच हिताचे आहे.

पंधरा दिवसांची मुदत अव्यवहार्य आहे असे उत्तर येऊ शकते, म्हणून ती कशी पाळता येईल हेही लिहितो. लहान खांडीसाठी, म्हणजे ज्या खांडीतून ओहोटीला माणूस चालत पार होऊ शकतो तिच्यासाठी, निविदेची अट नसावी. उपविभागीय अभियंत्याला ग्रामपंचायतीमार्फत किंवा शेतकऱ्यांच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत लगेच काम करून घेण्याचा अधिकार आणि दरवर्षी एप्रिलमध्ये हाती पडणारा निधी असावा. मजुरी रोजगार हमीतून देता येते. दुरुस्तीची माती कोठून घ्यायची, यंत्र कोणत्या वाटेने न्यायचे आणि त्या वाटेवर तिवरे आहेत का, हे खांड पडल्यावर शोधण्याऐवजी प्रत्येक योजनेसाठी कांदळवन कक्षाबरोबर आधीच ठरवून नकाशावर आखून ठेवावे, म्हणजे परवानग्यांचा वेळ वाचेल. मे महिन्यात प्रत्येक बाहेरकाठ्याची गावकऱ्यांसह पायी पाहणी व्हावी. बिळे आणि भेगा त्या वेळी डोळ्यांना दिसतात. मोठ्या खांडीसाठी पंधरा दिवसांत कायमचे काम होणार नाही हे मान्य आहे, पण भांगाच्या दिवसांत, जेव्हा भरती उथळ असते, तात्पुरता आडबांध घालून पुढच्या उधाणाचे पाणी अडवता येते.

ज्या शेतांत आज कांदळवन उभे आहे त्यांच्या मालकांचा वेगळा विचार करावा लागेल. त्या जमिनी परत शेतीखाली आणणे आता शक्य नाही आणि ते मागणेही बरोबर नाही. पण जंगल राखण्याचा भार समाजासाठी तेच उचलत आहेत. शासनाने २०१७ पासून कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना चालवली आहे आणि तिच्यात खेकडापालन, कालवपालन यांसारख्या उद्योगांना साहाय्य मिळते. खांडीमुळे जमीन गमावलेल्या शेतकऱ्यांना तिच्यात प्रथम प्राधान्य द्यावे, आणि जे जमीन देऊ इच्छितात त्यांना योग्य मोबदला देऊन ती वन विभागाने रीतसर ताब्यात घ्यावी. नुसते सातबाऱ्यावर नाव ठेवून वर्षानुवर्षे त्यांना अधांतरी ठेवू नये.

या सर्वांची सुरुवात एका नोंदवहीने होऊ शकते, आणि तिच्यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. प्रत्येक खारभूमी योजनेच्या बांधाची लांबी, उघाड्यांची संख्या व स्थिती, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, खांड कोणत्या तारखेला पडली, कळवली केव्हा आणि बुजली केव्हा, एवढ्या बाबी त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध कराव्यात. येत्या जूनमधील पहिल्या उधाणापूर्वी ही नोंद पेण व अलिबाग तालुक्यांपुरती तरी लोकांसमोर यावी, आणि सध्या उघड्या असलेल्या खांडींपैकी कोणत्या त्या तारखेपूर्वी बुजतील हे आपण लेखी व जाहीरपणे कळवावे, अशी विनंती करतो.

आपला,
खारेपाटातील एक शेतकरी